कंबर, कणा आणि चालणे

(वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाला गाणे असावे, एखादा नाट्यप्रवेश असावा, आणि चिटणीसबाईंनी मला बोलावले ते कंबरदुखीवर बोलायला! मी त्यांना म्हटले, "अहो, आनंदाच्या दिवशी हा विषय कशाला?" तर त्या म्हणाल्या, "सभासदांकडून विषयांच्या चिठ्ठ्या मागवल्या होत्या. निम्म्या चिठ्ठ्यांवर कंबरच निघाली." तेव्हा विषय तुमचाच आहे. मी नुसती निमित्तमात्र.

माझ्याविषयी दोन शब्द सांगते, म्हणजे मी कोणत्या अधिकाराने बोलते आहे ते कळेल. मी पस्तीस वर्षे भौतिकोपचाराचे, म्हणजे फिजिओथेरपीचे काम केले. आपल्याकडे ह्या शास्त्राचे रीतसर शिक्षण 1950 नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले, ते मुख्यतः पोलिओच्या मुलांसाठी. आता पोलिओ गेला, आणि आमच्या दारात रांग आहे ती पाठीची आणि गुडघ्यांची. दुसरा अधिकार जरा कमी मानाचा आहे. गेली पाच वर्षे माझ्या स्वतःच्या कण्याची नळी अरुंद झालेली आहे. उपचार करणारी आणि करून घेणारी, अशा दोन्ही नात्यांनी मी आज तुमच्यापुढे उभी आहे. आणि फार वेळ उभी राहिले तर मध्येच ह्या टेबलावर वाकून टेकेन, ते का, हेही पुढे सांगते.

आधी आपली नेहमीची ओळखीची उसण घेऊ. पाण्याची कळशी उचलली, गादीखालचा पलंग ओढला, आणि कमरेत चमक भरली. पूर्वी अशा वेळी पायाळू माणसाला बोलावीत आणि पाठीवर त्याची लाथ घेत. हसू नका, माझ्या आजोळी हा मान एका चुलतमामांना होता आणि त्यांच्या लाथेला चांगला गुण होता! गुण यायचाच, कारण अशी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपल्या आपणच उतरते. त्या मुदतीत जो कोणी भेटेल, मग तो पायाळू असो, मालिशवाला असो की आमच्यासारखी पदवीधर बाई असो, यश त्याच्या पदरात पडते. साध्या दुखऱ्या गोळीचीही तीच कथा. 2014 साली ऑस्ट्रेलियात सुमारे साडेसोळाशे लोकांवर प्रयोग झाला. ताज्या कंबरदुखीत काहींना पॅरासिटॅमॉल दिले, काहींना तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली गोळी दिली. औषधवाले सतरा दिवसांत बरे झाले, बिनऔषधवाले सोळा दिवसांत.

मग अशा वेळी निजून राहावे का? आपल्या घरांत पहिला सल्ला तोच असतो, "पडून राहा हो जरा." एरवी सुनेला कोणी पडू देत नाही, म्हणून तो सल्ला गोड लागतो हे मला ठाऊक आहे. पण 1986 साली अमेरिकेत दोनशे तीन रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस अंथरुणात राहायला सांगून पाहिले. दोन दिवसवाले कामावर लवकर गेले आणि त्यांचे काही बिघडले नाही. स्नायू फार कृतघ्न असतात, बायांनो. चार दिवस त्यांची विचारपूस केली नाही की ते ओळख विसरतात. म्हणून दुखणे सोसेल इतपत हालचाल ठेवावी, गरम पाण्याच्या पिशवीने किंवा मिठाच्या पुरचुंडीने शेकावे, आणि वाकून उचलण्याची कामे आठ दिवस दुसऱ्यावर टाकावीत. निरगुडीचा पाला बांधला तरी माझी हरकत नाही. ऊब बरी वाटते, आणि बरे वाटले की माणूस हलू लागतो.

आता माझ्या मुख्य विषयाकडे येते. साठीच्या आसपासच्या बायकांचे एक निराळे दुखणे आहे, आणि त्याचे नाव पुष्कळ घरांत अजून पोचलेले नाही. डॉक्टर त्याला स्पायनल स्टेनोसिस म्हणतात. बाई घरात अगदी ठीक असते. बसली की ठीक, निजली की ठीक. पण बाजाराला निघाली की शे-दोनशे पावलांवर कुल्ले, मांड्या, पोटऱ्या भरून येतात, पाय शिशाचे होतात, मुंग्या येतात. कुठेतरी कट्ट्यावर टेकले की दोन मिनिटांत सगळे ओसरते आणि पुन्हा तेवढीच मजल. घरच्यांना वाटते, ही बाजाराचे नाव काढले की दुखते म्हणते आणि दूरदर्शनपुढे तीन तास बसते! तर त्या बाईची ती सबब नव्हे. ते दुखणेच तसे आहे. युट्रेख्टच्या हेंक व्हर्बीस्ट नावाच्या डच शल्यचिकित्सकाने 1954 साली ह्याचे नीट वर्णन लिहिले : उभे राहिले, चालले की पाय दुखतात, आडवे झाले की दुखत नाहीत.

असे का होते ते सांगते. आपल्या कण्यात तेहेतीस मणके. त्यांतले खालचे नऊ एकमेकांत जुळून गेलेले. मणक्यांच्या मागच्या बाजूला एकाखाली एक कड्या असतात आणि त्यांची मिळून एक नळी होते. त्या नळीतून मेंदूचा दोर, म्हणजे मज्जारज्जू, खाली उतरतो. पण तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्याखाली सुट्या मज्जातंतूंचा झुबका लोंबत असतो, थेट घोड्याच्या शेपटीसारखा, आणि शास्त्रातले त्याचे लॅटिन नावही तेच आहे. वय वाढले की मणक्यांमधल्या गाद्या सुकतात आणि किंचित बाहेर फुगतात. मागचे बारीक सांधे झिजून जाड होतात. नळीच्या मागच्या भिंतीला पिवळसर रंगाचा एक लवचीक बंध असतो, तो जाड होऊन आत घड्या पाडतो. तिन्ही बाजूंनी अतिक्रमण! आमच्या गल्लीत दोन्हीकडच्या दुकानदारांनी फळ्या पुढे काढल्यावर रस्त्याचे जे होते, तेच. पुढून मागे बारा मिलिमीटरपेक्षा कमी जागा म्हणजे अरुंद, दहापेक्षा कमी म्हणजे फारच अरुंद, असे एक ढोबळ माप आहे. बायकांत आणखी एक भर पडते. कमरेचा चौथा मणका पाचव्यावरून किंचित पुढे सरकण्याचा प्रकार पुरुषांपेक्षा आपल्यात पुष्कळच अधिक आढळतो.

आता ह्यातली खुबी ऐका. आपण ताठ उभे राहिलो किंवा मागे वाकलो की ही नळी आणखी आवळते. पुढे वाकलो, बसलो की मोकळी होते. म्हणून बसल्यावर आराम. म्हणून ही बाई मोठ्या दुकानात हातगाडीवर रेलून तासभर हिंडू शकते आणि रिकाम्या हाताने फाटकापर्यंत जाऊ शकत नाही. म्हणून ती चढ बऱ्यापैकी चढते, पण उतार तिला जाचतो. आणि म्हणून मी मघाशी टेबलावर टेकण्याची परवानगी मागून ठेवली. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात, विशेषतः मधुमेह आणि तंबाखू असलेल्यांच्या. पण ते दुखणे नुसते उभे राहिले तरी थांबते, त्याला बसावे लागत नाही. डॉक्टरांना हा फरक सांगितला तर त्यांचे अर्धे काम होते.

एमआरआयच्या कागदाबद्दल मला जरा परखड बोलायचे आहे. तो कागद घरी येतो, त्यावर फुगलेली गादी, झिजलेला सांधा, दबलेली नस असे काय काय लिहिलेले असते. कोणीतरी त्याचे मराठी करून सांगतो, "मणक्यात गॅप पडली आहे," आणि ती बाई त्या दिवसापासून काचेची होते. माझ्याकडे एक बाई येत. वय बावन्न, हाडापेराने भक्कम. कागद वाचल्यावर त्यांनी खाली बसणे सोडले, नातवाला उचलणे सोडले, केस विंचरायलाही सुनेला बोलावू लागल्या. मी त्यांना एक जुना प्रयोग सांगितला. 1990 साली अमेरिकेत ज्यांना पाठीचे दुखणे कधीच झाले नव्हते अशा सदुसष्ट माणसांचे एमआरआय काढले. त्यांतल्या साठीपुढच्या माणसांत दर पाचांतल्या एकाची नळी अरुंद निघाली, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता! केस पांढरे होतात तसे मणकेही पिकतात. कागदातले आणि पायातले जुळले तरच त्या कागदाला अर्थ. त्या बाईंना हे पटायला तीन महिने लागले. नातवाला त्यांनी आधी मांडीवर घेतले, मग कडेवर.

मात्र काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर माझे हे भाषण विसरून ताबडतोब रुग्णालय गाठायचे. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतली आणि बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासे होऊन चप्पल गळू लागली, तर "उद्या बघू" म्हणायचे नाही, रात्र असली तरी निघायचे. संकोचाने ह्या गोष्टी बायका सांगत नाहीत म्हणून मी इथे मुद्दाम मोठ्याने बोलते आहे. तसेच संध्याकाळचा ताप, उतरणारे वजन, रात्री निजल्यावरही न थांबणारी पाठदुखी हे मणक्याच्या क्षयाचे लक्षण असू शकते. आपल्या देशात तो अजून आहे आणि बहुतेकांचा औषधांनी बरा होतो, फक्त वेळेवर ओळखायला हवा. पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ होतात. किरकोळ पडण्यानेही मणका चेपतो. पूर्वी कर्करोग झालेला असेल तर तेही आपण होऊन सांगावे.

हे काही नसेल, तर शस्त्रक्रियेवाचून काय करता येते? औषधांचा आधी निकाल लावते, कारण तिथे सांगण्यासारखे थोडे आहे. ह्या चालतानाच्या दुखण्यासाठी तज्ज्ञांनी 2021 साली सगळा पुरावा चाळून मार्गदर्शन लिहिले. त्यात सूज-वेदनेच्या नेहमीच्या गोळ्या, पॅरासिटॅमॉल, अफूच्या जातीची औषधे, स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या, गॅबापेंटिन, प्रीगॅबॅलिन, इतकेच काय पण आपल्याकडे पाकिटांमागून पाकिटे खपणारे मिथाइलकोबालामिन, ह्यांपैकी कशाचीही शिफारस त्यांनी केली नाही. रक्तात बी-बारा खरोखर कमी असेल तर ते घ्यावे, ती गोष्ट वेगळी. पण लग्नघर निभावून न्यायचे म्हणून महिना महिना दुखऱ्या गोळ्या गिळणाऱ्या मी पाहिल्या आहेत. पाठ राहते तिथेच आणि जठर, रक्तदाब, मूत्रपिंड ह्यांची नवी तक्रार सुरू होते. चालू असलेले औषध मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारून करा.

पाठीत देण्याच्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनाविषयी नेहमी विचारतात. 2014 साली ह्याच व्याधीच्या चारशे रुग्णांवर परीक्षा झाली. निम्म्यांना बधिर करणारे औषध आणि स्टिरॉइड, निम्म्यांना नुसते बधिर करणारे औषध. सहा आठवड्यांनी दोहोंत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. मधुमेह असेल तर ह्या इंजेक्शनाने साखर चढते, हेही ध्यानात ठेवा. गादी सरकून एका पायात भयंकर कळ येते तेव्हाची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे काही काळ आराम पडू शकतो.

कमरेचा पट्टा आणि वजन लावणे, दोन्ही आपल्याकडे फार लोकप्रिय. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी शिफारसपत्रिका काढली, तीत दोन्ही नकोत असे म्हटले आहे. पत्रिका साध्या जुनाट कंबरदुखीची आहे, अरुंद नळीची नव्हे. तरी पट्टा बारा महिने बांधून स्नायूंना पेन्शनीत काढू नये, हे मी माझ्या अनुभवानेही सांगेन. एसटीच्या प्रवासापुरता बांधलात तर मी बघितले नाही म्हणेन.

मग उरते काय? उरते तेच खरे मोठे आहे. चालणे आणि व्यायाम. तुमची तोंडे उतरली, मला दिसते आहे!

अरुंद नळीच्या बाईने चालायचे ते हप्त्याहप्त्याने. पाय किती पावलांवर भरून येतात हे आधी मोजा. माझे पाच वर्षांपूर्वी सव्वादोनशे पावलांवर येत. मग मी दीडशेवर, म्हणजे कळ येण्याच्या आधीच, बसू लागले. मिनिटभर बसायचे, जरा पुढे वाकायचे, पुन्हा दीडशे. कळ आल्यावर बसणे आणि येण्याआधी बसणे ह्यांत फार फरक आहे; पहिल्यात आपण दुखण्याच्या हुकमात चालतो, दुसऱ्यात आपल्या. आमच्या घरापासून भाजीबाजारापर्यंत मी बसण्याच्या अकरा जागा हेरून ठेवल्या : तीन कट्टे, एक देवळाची पायरी, एक शिंप्याचे स्टूल, असे. आज तेवढ्याच वाटेवर मला चार पुरतात. घडीची चाकांची पिशवी मिळते, ती मागे ओढण्याऐवजी पुढे ढकलत न्यावी, म्हणजे आपोआप किंचित पुढे रेलता येते. काठी किंवा वॉकर हातात घ्यायला लाज वाटते ना? नाटकाला जाऊन मध्यंतरापर्यंत उभे राहता येत नाही म्हणून घरी बसण्यापेक्षा काठी बरी. आणि ज्यांना चालवतच नाही, त्यांनी जागच्या जागी चालवायची सायकल वापरावी. तिच्यावर बसलेले आणि पुढे झुकलेले असल्यामुळे पाय न दुखता दमणूक होते आणि छातीलाही व्यायाम मिळतो.

ज्यांना अरुंद नळी नाही, नुसती मधून मधून येणारी कंबरदुखी आहे, त्यांनाही चालणेच. ऑस्ट्रेलियातच 2024 साली दुखण्यातून नुकत्याच उठलेल्या सातशे एक माणसांवरचा निकाल आला. ज्यांनी हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायचे ठरवले त्यांचे दुखणे परतायला मध्यमानाने दोनशे आठ दिवस लागले. ज्यांनी काही केले नाही त्यांचे एकशे बारा दिवसांतच परतले. ह्याला ना यंत्र लागते, ना फी.

व्यायामात एक गोष्ट पक्की समजून घ्या : एकीचा व्यायाम दुसरीला चालेल असे नाही. टेलिव्हिजनवर पाहून सगळ्याजणी भुजंगासन करतात. गादी पुढून फुगून पायात कळ जाणाऱ्या काही तरुण बायांना मागे वाकण्याचा उपयोग होतो. न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेन्झी ह्यांची ती पद्धत जगभर प्रसिद्ध आहे. पण माझ्यासारखीची नळी मागे वाकल्याने आवळते. मला भुजंगासन म्हणजे शिक्षा. मला हवे पवनमुक्तासनासारखे, पाठीवर निजून एक एक गुडघा छातीशी घेणे. मांजरासारखी पाठ वर उचलणे. गुडघे मुडपून निजून कंबर जमिनीला दाबणे. आणि कुल्ल्यांचे व पोटाचे स्नायू बळकट करणे. उलट, ज्यांची हाडे ठिसूळ आहेत त्यांना जोराने पुढे वाकणे धोक्याचे, मणका चेपू शकतो. तेव्हा पहिल्यांदा कुणा जाणत्या माणसाकडून आपला व्यायाम ठरवून घ्यावा. नंतर तो रोज घरीच करायचा. दवाखान्यात जाऊन दिव्याचा शेक घेऊन येणे हा व्यायाम नव्हे, हे माझ्या पोटावर पाय आणून सांगते. हाताने सांधे मोकळे करणे, मालिश, ह्यांनी काही दिवस चालणे सुधारते. 2019 सालच्या एका अमेरिकन पाहणीत असा फायदा दोन महिन्यांपर्यंत दिसला, सहा महिन्यांनी तो इतरांच्या बरोबरीला आला. म्हणजे मालिशीने दार उघडते, आत चालत आपणच जायचे.

आता शस्त्रक्रियेविषयी बोलल्यावाचून हे पुरे होणार नाही. मी शस्त्रक्रियेची वैरीण नाही. 2015 साली पिट्सबर्गच्या पाहणीत एकशे एकोणसत्तर रुग्णांपैकी काहींना शस्त्रक्रिया, काहींना भौतिकोपचार नेमून दिले; दोन वर्षांनी दोन्ही गटांची हालचाल सारखीच होती. आमच्या धंद्यातले लोक एवढेच सांगतात आणि थांबतात. पुढचे मी सांगते : भौतिकोपचाराच्या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी मध्यंतरी शस्त्रक्रिया करून घेतली होती. म्हणजे व्यायामाने सगळ्यांचे भागत नाही. पण बाकीच्यांचे भागले, हेही खरे. बऱ्याच जणींचे दुखणे वर्षानुवर्षे आहे तिथेच राहते, काहींचे हलके होते, काहींचे वाढते. त्या मघाच्या धोक्याच्या खुणा नसतील, तर घाईने उद्याच टेबलावर जाण्याचे कारण नसते. विचार करायला अवधी असतो. विचारायचे प्रश्न असे : माझे पाय सुधारतील की कंबर? कारण शस्त्रक्रियेचा गुण पायांना अधिक येतो, कमरेला कमी. आणि नुसती जागा मोकळी करणार, की स्क्रू घालून मणके जोडणार? 2016 साली स्वीडनमधल्या परीक्षेत ह्या जोडणीने नुसत्या मोकळे करण्यापेक्षा अधिक फायदा दिसला नाही. खर्च मात्र अधिक.

माझे स्वतःचे अजून ठरलेले नाही. माझ्या मुलाने दोनदा दिवस ठरवला आणि मी दोनदा पुढे ढकलला. मी माझ्याशी हिशेब असा मांडला आहे : चार जागी बसून बाजार होतो आहे, मंडळाचा जिना चढता येतो आहे, तोवर व्यायाम. ज्या दिवशी शिंप्याच्या स्टुलापर्यंतही पोचणार नाही, त्या दिवशी मी शल्यचिकित्सकाकडे जाईन, आणि रडत जाणार नाही. हा हिशेब माझा. तुमचा तुम्ही मांडा. फक्त तो मांडायचा राहून जाऊ नये. कारण ह्या दुखण्यात बाई मरत नाही, तिचे जग तेवढे आकसते. आधी देवळाचा जिना सुटतो, मग भाजी, मग हळदीकुंकू, मग मंडळ. आणि घरात कोणाच्या लक्षात येत नाही, कारण घरात ती ठीकच दिसते. तुमच्या शेजारच्या ज्या काकू गेल्या वर्षभरात इथे आल्या नाहीत, त्यांना जाऊन विचारा, चालताना किती पावलांवर बसावेसे वाटते.

चिटणीसबाई घड्याळ दाखवत आहेत. पुढे सतरंजी टाकलेली आहे. चहा होईपर्यंत मी तीन व्यायाम करून दाखवते. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी डाव्या बाजूला खुर्च्या आहेत, खुर्चीवर बसून करायचेही दोन आहेत. साडीचा पदर खोचून घ्या आणि आधी गुडघेदुखीवाल्या पुढे या.